पूर्णिमाचं भाषण

पूर्णिमा चाकमा वऱ्हाडीत भांडायला लागली की बाकीच्या पोरी ऐकत उभ्या राहायच्या. "काऊन बे, शाळा तुह्या बापाची हाये काय?" असं तिनं सुनावलं की पोरं आधी हसायची, मग गप्प व्हायची. मी शिकवते त्या शाळेत ती आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. वर्षभरात ती आमच्यासारखी बोलायला लागली. 'चायनीज' हे नाव मात्र पहिल्याच दिवशी पडलं, ते शेवटपर्यंत गेलं नाही.

तिच्या आजोबांचं गाव देशाच्या पूर्व सीमेपलीकडे धरणात बुडालं, आणि ते डोंगर ओलांडून अरुणाचलात आले. तिचे वडील तिथंच जन्मले, तीही तिथंच जन्मली, तरी लोक त्यांना निर्वासितच म्हणत. चाकमा लोक बौद्ध, म्हणून शिकायला तिला गिरडजवळच्या आमच्या गावी, विहाराच्या वसतिगृहात पाठवलेलं. "तिकडं बी बाहेरची, इकडं बी बाहेरची. मंग माह्यं गाव कोनतं, मॅडम?" नववीतली पोर हे हसत विचारायची.

सव्वीस जानेवारीला पूर्णिमाचं संविधानावर भाषण होतं. पंधरा दिवस मी तिची तयारी करून घेतली. आदल्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं.

"पोरगी हुशार हाये, पण उद्या पाहुणे येऊन राह्यले. आपल्या संविधानावर बाहेरची पोरगी बोलली तर बरं दिसन काय? दुसरीले उभी करा."

याच शाळेत माझ्या आईला दाराजवळ वेगळं बसवायचे. ते ऐकतच मी मोठी झाले होते. पण माझी नोकरी नवी होती. मी म्हणाले, "बरं, सर."

दुसऱ्या मुलीनं पूर्णिमाचाच कागद वाचला, अडखळत. पूर्णिमा रांगेत उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

"मी चुकली असती काय, मॅडम?" तिनं नंतर विचारलं.

"नाही गं."

"मंग?"

मी म्हणाले, "पुढच्या वर्षी तूच बोल."

त्यानंतर ती कुणाशीच वऱ्हाडी बोलली नाही. माझ्याशीसुद्धा हिंदीच. कुणी "ए चायनीज" म्हटलं तर "हाँ" म्हणून वळायची.

परीक्षा संपताच वडील तिला कायमची न्यायला आले. तीन दिवसांच्या प्रवासानं चुरगळलेला, लहानखुरा माणूस. त्यांना हिंदीही धड येत नव्हती. माझ्यासमोर हात जोडून ते त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलले. मी पूर्णिमाकडे पाहिलं.

"पापा कह रहे हैं," ती जमिनीकडे बघत म्हणाली, "यहाँ मेरी बेटी का कोई नहीं था. आपने संभाला."

मीही हात जोडले.