पॅनमन व्यंकटमामा आणि चंद्रावरची हवा

व्यंकटमामांनी मला वीस पोरांसमोर खोटं पाडलं होतं.

आज सकाळी ते गेले.

दुष्काळाचं साल होतं. नांदूरघाटच्या बाजूला सोसायटीची चारा छावणी लागलेली. माणसं जनावरांसोबत तिथंच राहायला आलेली, म्हणजे आमच्या हायस्कूलची निम्मी मुलंही तिथंच. मग मी सायन्सचा तास छावणीतच घ्यायला लागले. दुपारी, शेडनेटखाली.

एके दिवशी दुपारीच आकाशात चंद्र दिसत होता. म्हटलं, चला, आज हाच धडा.

"चंद्रावर हवा अजिबात नाही. पूर्ण व्हॅक्यूम."

मागून आवाज आला, "पूर्ण व्हॅक्यूम कुठंच नसतो, बाई."

दोन म्हशींपाशी बसलेला, साठीकडे झुकलेला माणूस. पोरं हसली. मला राग आला.

"तुम्हाला काय माहीत?"

"कारखान्यात पॅनमन हाय मी. सत्तावीस वर्सं व्हॅक्यूमच सांभाळला."

पॅन म्हणजे साखर कारखान्यातली मोठी बंद कढई. आतली हवा ओढून घेतली की उसाचा पाक कमी उष्णतेवर उकळतो, करपत नाही. त्या वर्षी ऊसच नव्हता. सहकारी कारखाना बंद, आणि मामा छावणीत.

"किती बी पंप चालवा, सांध्यातून हवा शिरतीच. सांधे पक्के केले तर रसातूनच वायू निघतो. तुमच्या चंद्राच्या बी पोटातून काहीतरी निघतच आसंल की."

"तसं नसतं," म्हणून मी तास संपवला.

घरी येऊन शोधलं. तसंच होतं!

एम.एस्सी. फिजिक्स झालेली मी, आणि मला पत्ताच नव्हता. चंद्राभोवती वायू आहे. फक्त इतका विरळ, की त्याचे कण एकमेकांना सहसा धडकतसुद्धा नाहीत. एकेक कण जमिनीवरून उडतो, लांब झेप घेतो, परत पडतो.

पुढच्या तासाला मुलांना सांगितलं, मी चुकले होते.

मामांनी मोठेपणा मिरवला नाही. जवळ येऊन बसले.

"कोनता वायू हाय मग?"

"हेलियम, आर्गॉन. थोडं सोडियम."

"सोडियम? मिठातलं? ते तिथं कुनी नेलं?"

मी वाचलेलं सांगितलं. सोडियम तिथल्या खडकातच आहे. ऊन, सूर्याकडून येणारे कण आणि बारीक उल्कांचा मारा ते उडवून लावतात. आर्गॉन आतल्या पोटॅशियमपासून तयार होतो आणि भेगांतून झिरपतो. हेलियम बहुतेक सूर्याकडूनच येतो.

मामांनी जरा वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

"रोज उडून जातंय म्हनता. मग संपत कावून न्हाई?"

येतं किती, जातं किती, ह्याचा मला अंदाजच नव्हता. पुन्हा वाचत बसले. छावणी चार महिने चालली. दर आठवड्याला मामांचा नवा प्रश्न.

एकदा मात्र प्रश्न चंद्राचा नव्हता.

"बाई, तुमी शिकायचं सोडलं कावून?"

"लग्न झालं. नोकरी, मुलं. आता बेचाळीस वय आहे माझं."

"मग काय झालं? ऊस आला तर मी पॅनवर जानारच हाय. माझं वय इचारतंय का कुनी?"

त्याच वर्षी मी पीएच.डी.चा फॉर्म भरला. विषय: बुध ग्रहाभोवतीचं सोडियम; चंद्रासारखाच विरळ वायू तिथंही आहे. बीडमध्ये नळाला पंधरा दिवसांनी पाणी येत होतं आणि मी बुधावरचे कण मोजत होते. घरच्यांना वाटलं, हिला खूळ लागलं.

दोन वर्षांनी ऊस आला. मामांनी खास निरोप धाडून मला कारखान्यात बोलावलं. पॅनमधला पाक काचेवर घेऊन उजेडात धरला. बारीक बारीक दाणे चमकत होते.

"बघा बाई, दाना बसला."

त्या दिवशी मामांना मी पहिल्यांदा मोकळं हसताना पाहिलं.

माझ्या थिसिसला सात वर्षं लागली. ओपन व्हायव्हाला, म्हणजे सगळ्यांसमोरच्या तोंडी परीक्षेला, मामा एसटीनं आले, कारखान्याच्या इस्त्री केलेल्या खाकी ड्रेसमध्ये.

"कुणाला काही विचारायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

मामा उभे राहिले.

"बुधावर रातच्याला लई थंडी आसती म्हनं. मग त्यो कन खडकाला चिकटून बसत आसंल का?"

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला. "हाच प्रश्न मी विचारणार होतो."

मी म्हटलं, "काही कण चिकटत असावेत. सूर्य उगवला, खडक तापला की सुटतात."

"बरं." मामा बसले, आणि शेजारच्या अनोळखी प्राध्यापकांना मोठ्यानं म्हणाले, "येतंय हिला."

अख्खा हॉल हसला. माझ्या डोळ्यांत पाणी.

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. दम लागत होता, तरी विचारलंच.

"बाई, आता जो तो चंद्रावर यान उतरवायलाय. त्याचा धूर तिथल्या वायूत मिसळला, तर मूळचा कोनता अन् आपला कोनता, कसं वळखायचं?"

"बघून सांगते, मामा."

काल दिवसभर वाचलं. आज शाळेत जायच्या आधी फोन करणार होते. त्याआधी त्यांच्या मुलाचा आला.

मामा, अर्धंच उत्तर मिळालंय.

तो धूर लगेच निघून जात नाही. काही कण मातीला चिकटतात, काही उड्या मारत ध्रुवांकडच्या गार सावलीत जाऊन अडकतात. तिथं किती काळ राहतात, पक्कं कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तिथं गर्दी व्हायच्या आत मूळचा वायू नीट मोजून ठेवायला हवा.

बाकीचं मी शोधते.

या आता, मामा. तुमच्या बाईंचा नमस्कार.