आक्कांच्या रानातली फेरी

कोडोलीचे वायरमन प्रसेनजीत यांची थोरली मुलगी अक्षता विद्यापीठात नेमकं काय शिकते, हे गल्लीत कुणालाच धड सांगता यायचं नाही.

"डॉक्टरीन हुणार व्हय?" शेजारणीनं एकदा विचारलं.

"न्हाय काकू."

"मग नर्स?"

"न्हाय."

"मग पीटीची मास्तरीण म्हण की सरळ!"

माणूस आजारी पडूच नये म्हणून काय करावं, त्याला हिंडतंफिरतं कसं ठेवावं, याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, असं अक्षता समजावून सांगे. त्यावर काकू म्हणाल्या, "माणूस आजारीच पडला न्हाय तर तुझ्याकडं येणार कोण गं?" प्रसेनजीत मात्र ठामपणे सांगत, "आग लागायच्या आधी वायर बघायची. तेवढंच शिकतीया की माझी पोरगी." या अभ्यासाची इतकी सोपी व्याख्या अक्षताला पुढं कुठल्या पुस्तकातही सापडली नाही.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प आला. एक वस्ती निवडायची आणि तिथल्या साठीपुढच्या बायकांची हालचाल बारा आठवड्यांत वाढवून दाखवायची. अक्षतानं कसबा बावडा निवडला. दूध डेअरीच्या भिंतीवर, दळपाच्या गिरणीत, शाळेच्या फाटकावर तिनं कागद चिकटवले: 'रोज तीस मिनिटे व्यायाम, निरोगी आयुष्य'. सोमवारी सकाळी सात वाजता ती शाळेच्या पटांगणात शिट्टी घेऊन उभी राहिली. कुणीही आलं नाही. मंगळवारी एक निवृत्त तलाठी आले आणि हा उपक्रम फक्त बायकांसाठी आहे हे कळल्यावर रागावून निघून गेले.

बुधवारी ती घरोघर हिंडली. एका कट्ट्यावर पाच-सहा म्हाताऱ्या बसल्या होत्या. मधोमध धोंडुबाई. अख्खी गल्ली त्यांना आक्का म्हणायची. वय एकोणसत्तर, अंगानं जाडजूड, आवाज खणखणीत.

"व्यायाम?" आक्का म्हणाल्या. "चाळीस वरसं उसात राबलो मी. आता म्हातारपणी उड्या मारू व्हय गं?"

सगळ्या खो खो हसल्या. अक्षताही कसनुशी हसली आणि तिथून निघाली.

दुपारी ती राजनंदिनी मॅडमसमोर बसली. प्रकल्पाच्या मार्गदर्शक त्याच होत्या. "मॅडम, विषय बदलून द्या. त्यांना नकोच आहे."

"त्या काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाल्या."

"ते कळलं. आणखी काय म्हणाल्या?"

अक्षताला काही आठवेना. तिनं फक्त नकार ऐकला होता. मॅडमनी तिच्या हातातली छापील प्रश्नावली काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. "आठ दिवस नुसती जाऊन बस. व्यायाम हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातानं कट्ट्यावर जाऊन टेकली. आक्कांनी तिला खालवर न्याहाळलं. "कुणाची गं तू?"

या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो, हे अक्षता लहानपणापासून ओळखून होती. तिनं आपलं, वडलांचं, आडनावासकट पूर्ण नाव सांगितलं. आक्कांनी ते आडनाव एकदा तोंडातल्या तोंडात म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. मग घराकडं तोंड करून सुनेला हाक मारली, "संयोगिता, च्या टाक. हिला बी."

आठ दिवस अक्षतानं तिथं लसूण सोलला, हरभरे निवडले आणि कान उघडे ठेवले. कट्ट्यावरच्या बहुतेकींची रानं एकाच शिवारात होती. सहा वर्षांपूर्वी तिथं प्लॉट पडले, पाठोपाठ बंगले उठले, इमारती उठल्या. रान गेलं तशी म्हसरंही गेली. पहाटे चारला उठून धारा काढणाऱ्या बायकांना उठण्यासारखं काही उरलं नाही.

"काम गेलं, खरं भूक हाय तेवढीच ऱ्हायली की," आक्का म्हणाल्या. मग साखर आली, ब्लडप्रेशर आलं, गुडघे गेले.

सातव्या दिवशी बाकीच्या उठून गेल्यावर आक्कांनी आवाज बारीक केला. गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नात त्या पंगतीला बसल्या आणि जेवण झाल्यावर त्यांना उठताच येईना. दोन परक्या पुरुषांनी काखेत हात घालून त्यांना उचललं. शंभर माणसं बघत होती. तेव्हापासून त्यांनी कार्याला जाणं सोडलं होतं. "मरायचं भ्या न्हाय गं मला," त्या म्हणाल्या, "खरं असं कुणी उचलायला नको."

अक्षताच्या पुस्तकात पायांची ताकद, तोल, पडण्याचा धोका यांवर दोन मोठे धडे होते. त्यातलं एक वाक्यही तिला त्या वेळी बोलावंसं वाटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "आक्का, तुमचं रान कुठं होतं?"

"चल, दावतो."

अंतर फार तर अर्धा किलोमीटर. वाटेत तीनदा थांबावं लागलं. कॉलनीच्या फाटकावर पिराजी नावाचा वॉचमन होता. त्यानं हात आडवा केला. "कुणाकडं जायाचं, पावणं?"

"माझ्याकडंच," आक्का म्हणाल्या. "ह्या रानात चाळीस वरसं मीच हुतो. तू कवा आलास?"

पिराजीनं एकदा म्हातारीकडं पाहिलं आणि बाजूला झाला.

आत गेल्यावर आक्कांचा चेहराच पालटला. इथं विहीर होती. या पार्किंगच्या जागी गुऱ्हाळ चालायचं. त्या पांढऱ्या बंगल्याशी उंबराच्या सावलीत थोरला विजयसिंह पाळण्यात झोपायचा आणि आक्का उसातलं तण काढत भांगलण करायच्या. बोलता बोलता त्यांनी कॉलनीला पूर्ण वळसा घातला. अक्षतानं घड्याळ पाहिलं तर एकवीस मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा आक्का पायात चपला घालून दारात उभ्या. "आज वड्याकडच्या फडाला जाऊया." सोबत शेवंताबाई होत्या, त्यांना त्यांचं रान दाखवायचं होतं. आठवडाभरात अकरा जणी झाल्या. रोज एकीच्या रानाची पाळी, रोज वेगळा रस्ता, आणि कुणाचा बांध कुठवर होता यावरून भांडणंही अगदी जुन्यासारखीच. अक्षताची शिट्टी पिशवीतच राहिली.

आठवड्यातून दोनदा कट्ट्यापुढं खुर्च्या मांडल्या जात. हात छातीशी धरून खुर्चीवरून उठायचं, बसायचं. अर्ध्या मिनिटात किती वेळा जमतं ते अक्षता लिहून घेई. पहिल्या दिवशी आक्कांचं सहा वेळा झालं. त्या वयात निदान अकरा वेळा व्हायला हवं.

पाचव्या आठवड्यात गाडं अडखळलं. फेरीत आक्कांना घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि त्या रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या. पिराजीनं धावत साखरपाणी आणलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की चालण्यानं साखर उतरायला लागली आहे, गोळीचा डोस मात्र जुनाच चालू आहे. शिवाय आक्का सकाळी गोळी घेऊन उपाशीपोटी निघत. गोळ्यांची चौकशी आणि डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यायला हवा होता. चूक अक्षताची होती. विजयसिंहानं तिला सर्वांदेखत सुनावलं, "आईला काय झालं असतं म्हंजे? बंद करा हे सगळं."

अक्षतानं मान खाली घातली. "चुकलं माझं, दादा."

"पोरीला काय बोलतोस?" खाटेवरून आक्का कडाडल्या. "बसून चक्कर येत नव्हती, खरं बसून मरत हुतो की मी!"

डॉक्टरांनी गोळी कमी केली. अक्षतानं अकरा जणींचे दवाखान्याचे कागद डॉक्टरांना दाखवले, प्रत्येकीच्या गोळ्यांची यादी केली. तिसऱ्या दिवशी फेरी पुन्हा सुरू झाली. निघण्याआधी प्रत्येकीनं अर्धी भाकरी खायची, असा संयोगितानं दंडक घातला.

राहिलं होतं जमिनीवरून उठणं. पुस्तकात सांगितल्याप्रमाणं अक्षतानं कुशीवर वळायचं, एक गुडघा टेकायचा असं करून दाखवलं. कुणाला जमेना. आक्का बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हस उठताना बघितलीस कवा? आधी मागचं पाय." त्या दोन्ही हातांवर आल्या, कंबर आधी वर नेली, समोरच्या स्टुलावर हात टेकत हळूहळू सरळ झाल्या. बायका टाळ्या पिटत ओरडल्या. अक्षतानं ती रीत टप्प्याटप्प्यानं लिहून काढली. मॅडमनी वाचली आणि पोट धरून हसल्या. "अहवालात जशीच्या तशी घाल," त्या म्हणाल्या. "शोध कुणाचा, तेही लिही."

बाराव्या आठवड्यात आक्कांच्या उठबशा अकरा झाल्या. त्याच सुमाराला गल्लीत एक बारसं होतं. आक्का पंगतीत मांडी घालून बसल्या, दोनदा वाढून घेऊन जेवल्या. वाढणाऱ्या संयोगिताचा जीव टांगणीला लागला होता. "आत्ती, हात देऊ?"

"पळ तिकडं, भात वाढ," आक्का म्हणाल्या आणि आपल्या आपण उठून हात धुवायला गेल्या. मांडवात कुणाचं तिकडं लक्षही गेलं नाही. आक्कांना हवं होतं ते एवढंच. दाराशी उभ्या अक्षताला मात्र समोरचं सगळं धूसर दिसायला लागलं.

तोंडी परीक्षेत तिला चांगले गुण मिळाले. अहवालात ऋणनिर्देशाचं पान असतं. तिथं आधी विभागप्रमुख, मग मार्गदर्शक, ग्रंथालय असा क्रम ठरलेला. अक्षतानं सुरुवातीलाच अकरा बायकांची नावं घातली, आणि पुढं लिहिलं: 'माझ्या शिक्षणातला जो भाग मला वर्गात मिळाला नसता, तो यांनी दिला. पहिल्या दिवशी त्या मला नाही म्हणाल्या, त्याबद्दलही मी त्यांची आभारी आहे.'

ते पान तिनं कट्ट्यावर वाचून दाखवलं. शेवंताबाईंनी आपलं नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं. आक्का म्हणाल्या, "आमीच हिंडलो, आमचंच गुडघं बरं झालं, आन् आभार तू मानतीस व्हय? उलटंच हाय की तुझं."

"उलटं कसं, आक्का? मला कुठं काय येत होतं?"

आक्कांनी तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग पदरानं तोंड पुसत त्या बाकीच्यांवर खेकसल्या, "उठा गं! ऊन चढाय लागलं."