नाकाला आशा नसते

आईच्या पायाची जखम चार महिने भरत नव्हती. जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. पाय कापण्याआधी आदिलाबादच्या डॉक्टरांनी चांदीच्या नॅनोकणांची पट्टी लावून पाहायचं ठरवलं. ती बदलणारा ड्रेसर पाठीत वाकलेला, थकलेला माणूस होता. पट्टी सोडली की जखमेकडे पाहण्याआधी तो तिचा वास घ्यायचा.

"काऊन वास घेता, भाऊ?" मी एकदा विचारलं.

"डोळे आशेनं पाह्यतेत, ताई. नाकाले आशा नसते."

पाचव्या पट्टीला त्यानं दोनदा वास घेतला. "वास गेला. पाय राह्यते, माय," तो आईला म्हणाला. आई रडू लागली. तो हसलाही नाही. हात धुऊन त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली. मला मात्र आनंदाच्याही आधी झोप आली.