ड्रायव्हरबाईंचं तारखेचं दुखणं

बस डेपोत तिला सगळे ड्रायव्हरबाई म्हणत. आवाज खणखणीत, हात पक्का. बाजारातल्या अरुंद वळणावर ती अख्खी बस अशी काही वळवायची, की दुकानदार हातातलं काम सोडून बघत राहायचे. पण महिन्यातले ठरावीक दिवस आले की हीच बाई ओठ दाबून स्टिअरिंगवर बसायची. ब्रेक दाबला की ओटीपोटातून कळ निघायची ती थेट मांडीत उतरायची. त्या दिवसांत संडासला जाणं म्हणजे तर शिक्षाच.

हे वयात आल्यापासूनचं. आई म्हणाली, "लग्न झालं की थांबेल." लग्न झालं, थांबलं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "मूल झालं की थांबेल." मूल काही झालंच नाही, त्यामुळे सासूबाईंचं म्हणणं पडताळून बघायची सोय राहिली नाही. एका डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी सोनोग्राफी केली आणि "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं. शेवटी तिलाच वाटू लागलं, आपणच नाजूक असणार.

नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. बिचारा पाणी तापवून द्यायचा आणि गप्प बसायचा. गप्प बसली नाही ती नणंद. ती शाळेत खेळ शिकवायची, आवाज मैदानावरचा. सुट्टीत राहायला आली असताना तिने वहिनीला न्हाणीघराच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं पाहिलं.

"वहिनी, हे नॉर्मल असेल तर मी कुठल्यातरी देशाची राणी आहे. ऊठ, कपडे बदल."

नव्या डॉक्टरीणबाईंनी आधी नुसतं ऐकून घेतलं. मग विचारलं, "संडासला दुखतं ते रोज, की पाळीतच?"

"पाळीतच." इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला जाड होतं आणि पाळीत गळून जातं. कधीकधी तसंच अस्तर गर्भाशयाबाहेर, भलत्याच जागी वाढतं. पाळीत तेही सुजतं, रक्त सोडतं, पण ते रक्त जाणार कुठे? मग आतले अवयव एकमेकांना चिकटत जातात. "बारीक डाग सोनोग्राफीत बहुतेक दिसत नाहीत. दुर्बिणीने आत बघावं लागेल."

बेंबीपाशी छोटासा छेद घेऊन दुर्बीण आत गेली आणि सगळं उघडं पडलं. काजळीचे शिंतोडे उडावेत तसे काळपट डाग, गर्भाशयाला मागून चिकटलेलं आतडं, एका बीजकोशात दाट चॉकलेटी रक्ताची गाठ. डॉक्टरीणबाईंनी जमेल तेवढं सोडवलं, काढलं आणि तुकडे तपासणीला पाठवले. रिपोर्ट आला : एंडोमेट्रिओसिस.

"मला ते बघायचंय," ड्रायव्हरबाई म्हणाली.

हॉस्पिटलच्या तळघरातल्या प्रयोगशाळेतले डॉक्टर, चष्मा कपाळावर चढवलेले, भलतेच खूश झाले. "इथे पेशंट फिरकतच नाहीत हो! या, बसा." त्यांनी तिच्या डोळ्यांच्या बेताने मायक्रोस्कोप लावून दिला. गुलाबी-जांभळ्या पसाऱ्यात गोलगोल कडी दिसली.

"या ग्रंथी. भोवती दाटीवाटीने पेशी आहेत ना, त्याही त्याच अस्तरातल्या. आणि तपकिरी ठिपके म्हणजे जुनं रक्त."

"हा तुकडा कुठला?"

"आतड्यावरचा. तिथे यांचं काय काम?"

ती बराच वेळ डोळा लावून बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी सोंग करत नव्हते."

"छे! एवढं सोंग कुणाला जमणार?" डॉक्टर म्हणाले, आणि ती खो-खो हसत सुटली.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकलं. निवडायला घेतलेली भाजी तशीच मांडीवर. "मलाही असंच व्हायचं गं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, बाईचा जन्म म्हणजे हेच." त्या दिवशी दोघी सासू-सुना जेवण लांबवून बोलत बसल्या.

दुखणं मुळासकट गेलं नाही. पुन्हा उद्भवू शकतं, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. गोळ्या चालू राहिल्या, अधूनमधून तपासणीही. पण कळ आता दबकी झाली, आणि आली तरी तिला नाव होतं. नाव घेऊन सांगता येत असल्यामुळे त्या दिवसांत सुट्टी मागितली तरी डेपोतही कुणी नाक मुरडेना.

पुढच्या सुट्टीत चौघं तळ्यावर फिरायला गेली, बसनेच. ड्रायव्हरबाई खिडकीशी बसली.

"गिअर असा टाकतात का? खडखडाट नुसता!"

"वहिनी, आज तू पॅसेंजर आहेस. गप बस," नणंद म्हणाली.

ती गप बसली आणि थोड्याच वेळात, सासूबाईंच्या खांद्यावर मान टाकून, गाढ झोपी गेली.