शेंबडीचं नाक

यावको गावात कुणाच्याही घरात न विचारता शिरायचा हक्क एकट्या एरिबेर्तोला होता. तो पाणीखात्यात मीटर वाचायचा. सकाळी कुणाच्याही परसात उगवायचा, कुत्र्याला नावाने हाक मारायचा, मीटरमध्ये डोकावायचा आणि कॉफी पिऊन जायचा. त्यामुळे तो निवृत्त झाला तेव्हा गावातल्या कुत्र्यांनासुद्धा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

त्याची गाडी अमेरिकन होती. दोन दारांची, लांबलचक, द्राक्षाच्या दारूसारखी गडद लाल. तरुणपणी हौसेने घेतलेली. तिचं नाक, म्हणजे पुढचा सगळा भाग, पत्र्याचं नव्हतं. लवचिक प्लास्टिकचं होतं. अंगठ्याने दाबलं की आत जायचं, सोडलं की परत फुगून जागेवर यायचं. गाडी नवी होती तेव्हा अख्ख्या गल्लीने ते रांग लावून दाबून पाहिलं होतं. पण उन्हाने पत्र्याला सांभाळून घेतलं आणि प्लास्टिकला सोलून काढलं. अंग लाल राहिलं, नाक फिकट झालं, पोपडे धरले आणि शेवटी गुलाबी पडलं. गल्लीने गाडीचं नाव ठेवलं शेंबडी.

एरिबेर्तोला त्याचं काही नव्हतं. होतं ते मिग्दालियाला, त्याच्या बायकोला. एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी "शेंबडी आली" म्हणालं आणि ते तिने गाडीत बसल्या बसल्या ऐकलं. ती खाली उतरली, दार आपटलं आणि जाहीर केलं, "नाक आणि अंग एका रंगाचं होईपर्यंत मी हिच्यात पाय ठेवणार नाही."

तेव्हापासून ती प्रार्थनेला चालत जायची आणि एरिबेर्तो तिच्या शेजारून, तिच्याच चालीने, गाडी हाकायचा.

"अगं, बस ना."

"मागच्यांना जाऊ दे. भोंगे वाजवतायत."

मग तिचा गुडघा कुरकुरायला लागला. एरिबेर्तोला वाटलं, आता बसेल. पण ती बसली शेजारच्या दोन्या प्रोबीच्या, म्हणजे प्रोबीबाईंच्या, गाडीत. ती गाडी जपानी, काडेपेटीएवढी. म्हातारी दोन्या प्रोबी चालवायची आणि मिग्दालिया गुडघे हनुवटीला लावून बाजूला बसायची. एरिबेर्तो फाटकात उभा राहून, बायको कुणाबरोबर पळून गेल्यासारखा, त्या गाडीकडे बघत राहायचा. तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्याने ठरवलं, गाडी रंगवायची. गॅरेजवाल्यांनी नाक बघून हात जोडले होते, म्हणून घरीच रंगवायची.

घरी म्हणजे मार्केसिनात. मार्केसिना ही गाडी ठेवायची उघडी ओसरी. तिला छप्पर असतं, पण येणाऱ्याला अडवेल असं काही नसतं. एरिबेर्तो जन्मभर लोकांच्या घरात शिरला होता. आता गाव त्याच्याकडे शिरायला लागलं.

मदतीला त्याचा कंपाद्रे नेफ्ताली होता. त्याने एरिबेर्तोच्या मुलीला बाप्तिस्म्यात मांडीवर घेतलं होतं, त्यामुळे दोघं एकमेकांना आदराने अहो-जाहो करायचे आणि त्याच आदराने एकमेकांचा सत्यानाश करायचे. नेफ्तालीने आयुष्यभर ग्वानिकाच्या बंदरात होड्या रंगवल्या होत्या.

"दुकानदार म्हणतो, नाकाच्या रंगात मऊपणाचं पातळ औषध घालायला हवं," एरिबेर्तो म्हणाला.

"तो दुकानदार आहे कंपाद्रे, तो म्हणणारच. मी होडीत कधी घातलं का?"

"होडीला नाक नसतं."

"असतं. तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

औषध राहिलं. अंग फर्मास रंगलं. नाक काढून दोन खुर्च्यांवर ठेवून रंगवलं, तेही आरशासारखं चमकलं. तेवढ्यात दोन्या प्रोबी आली, वाकली आणि तिने अंगठा लावला.

"अजून आत जातं का रे?"

नाक आत गेलं. मग बाहेर आलं. रंग मात्र त्याच्याबरोबर आला नाही. अंड्याच्या टरफलासारखे तडे या कानापासून त्या कानापर्यंत पसरले.

"जातं की," दोन्या प्रोबी समाधानाने म्हणाली आणि कॉफीसाठी आत गेली.

स्वयंपाकघरातून मिग्दालियाचा आवाज आला, "झालं का?"

"होतंय."

सगळं खरवडून काढलं. नवा डबा आणला, त्यात औषध घातलं. औषधाचा रंग वाळता वाळेना. आणि त्याच आठवड्यात समुद्रापलीकडून सहाराची धूळ आली. दर उन्हाळ्यात येते, आभाळ पिवळं होतं, लोक शिंकतात, जाते. पण या वर्षी तिला एरिबेर्तोच्याच मार्केसिनात उतरायचं होतं. त्याने फरशीवर पाणी मारलं, चारी बाजूंनी मिग्दालियाच्या चादरी टांगल्या. लोक चादर बाजूला सारून आत यायचे, धुळीसकट.

"वाळला का?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता बोट लावायचे.

एरिबेर्तोला ‘हात लावू नका’ म्हणता येईना. ज्यांच्या घरची कॉफी तो वर्षानुवर्षं प्यायला होता, त्यांना कुठल्या तोंडाने म्हणणार? तो स्टुलावर बसून नाकाकडे बघत राहायचा, बोटांचे ठसे घासायचा, पुन्हा फवारायचा, पुन्हा बसायचा. मिग्दालिया येणाऱ्या प्रत्येकाला कॉफी द्यायची, म्हणून आणखी लोक यायचे.

अखेर एका शनिवारी नाक जागेवर बसलं. एरिबेर्तोने चादरी काढल्या आणि बायकोला बोलावलं. तांदूळ निवडावेत तशी ती गाडीभोवती फिरली. वाकली, मागे सरली, परत वाकली.

"एक रंग आहे," ती म्हणाली. "उद्या हिनेच जाऊ."

एरिबेर्तोने घाईघाईने डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगितलं.

रविवारी मिग्दालिया निळा झगा घालून गाडीत बसली. एरिबेर्तोने गाडी मागे घेतली. आधी शेपूट उन्हात आलं, मग दारं, मग बॉनेट, सगळं द्राक्षाच्या दारूसारखं. शेवटी नाक बाहेर आलं. सावलीत जुळलेलं ते नाक उन्हात विटेसारखं तांबडं झालं. एरिबेर्तोला आतून ते दिसलं नाही. त्याला समोर उभ्या नेफ्तालीचा चेहरा दिसला. नेफ्तालीने हळूच टोपी काढून छातीशी धरली.

"टोपी का काढली त्याने?" मिग्दालियाने विचारलं.

"रविवार आहे ना."

"छान दिसतेस हं," दोन्या प्रोबी फाटकातून म्हणाली.

मिग्दालियाने झगा सारखा केला. मग म्हणाली, "मला म्हणाली की गाडीला?"

चौकाच्या अलीकडे एका दुकानाची मोठी काच होती. त्या काचेत शेंबडी अख्खी दिसली, नाकासकट. मिग्दालियाने तिकडे बघितलं. एरिबेर्तोने तिच्याकडे बघितलं नाही.

"त्या झाडाखाली थांबव," ती म्हणाली. "आणि सावलीतून हलवू नकोस." ती लंगडत, एकटीच, चर्चकडे गेली.

एरिबेर्तो आज्ञाधारक होता. सावली नव्हती. त्या दिवशी पाद्रीबाबांना प्रवचनाचा सूर लागला होता आणि जसजसं प्रवचन लांबलं तसतशी झाडाची सावली आखडत गेली. एरिबेर्तो गाडी थोडी थोडी मागे घेत राहिला. शेवटी मागे भज्यांची टपरी आली. टपरीवाला म्हणाला, "आणखी मागे आलास तर तळून निघशील." एरिबेर्तो खाली उतरला. नाकावर ऊन पडलं होतं. दुसरं काही सुचेना तेव्हा तो पोट पुढे काढून, हात पसरून स्वतःच नाकासमोर उभा राहिला. पण गाडी रुंद होती आणि माणूस एकच होता.

घंटा वाजली. लोक बाहेर आले. चार बायकांच्या घोळक्यातून मिग्दालिया आली.

"एरिबेर्तो, काय लपवतोयस रे?" त्यांतली एक म्हणाली.

त्याने हात आणखी पसरले.

"बाजूला हो," मिग्दालिया म्हणाली. "नाक लपवायला गेलास आणि तूच जास्त दिसायला लागलास." तिने स्वतः दार उघडलं. "गुडघा दुखतोय म्हणून बसतेय. दुसरा काही अर्थ काढू नकोस."

घरी जायचा रस्ता एकच होता, चौकाला वळसा घालून चर्चच्या पायऱ्यांसमोरून जाणारा. तिथे सगळ्या गाड्या तुंबल्या होत्या आणि शेंबडीचा नंबर बरोबर पायऱ्यांपुढे आला. पोलिसाने हात वर केला. पायऱ्यांवर अख्खं गाव उभं होतं. मिग्दालियाने काच वर घेतली. आत भट्टी पेटल्यासारखं झालं. तिच्या कपाळावरून घाम ओघळला, पण फोटो काढायला बसल्यासारखी ती ताठ होती.

"काच खाली करू?"

"नको. मग बोलावं लागेल."

बाहेर कुणीतरी नाकाकडे बोट दाखवलं. एरिबेर्तोने स्टिअरिंग गच्च धरलं. त्याला आता पुढेही जाता येत नव्हतं आणि मागेही.

"पुन्हा रंगवणार आहेस?" मिग्दालियाने मान न वळवता विचारलं.

"रंगवू?"

तिने पोलिसाच्या अजून वरच असलेल्या हाताकडे बघितलं.

"आधी त्याला हात खाली करू दे," ती म्हणाली.