वस्तरा आणि विमान

कामठ्याजवळच्या धावपट्टीवर विमान शिकणारी पोरं ज्याच्याकडे केस कापतात, त्याच्याकडेच मी दाढी करतो. त्याला जगभरच्या पायलटांच्या ड्युट्या पाठ आहेत. "आखातात कंपनी घर देते, गुरुजी, पण आपलं घर दूर राहते. अमेरिकेत जो जुना, तो पहिले ड्युटी निवडते." स्वतः तो कधी विमानात बसलेला नाही.

अमेरिकेचा कायदा मात्र त्याने दुकानात लागू केलाय. मी आधी आलो तरी खुर्ची म्हाताऱ्या पाटलांना मिळते. "तुमी चार सालाचे गिऱ्हाईक, ते तीस सालाचे. बसा."

परवा माझी अर्धी दाढी झाली आणि वर घरघर ऐकू आली. वस्तरा हातात धरूनच तो दारात गेला.

"काऊन थांबला?" मी विचारलं.

"काल याच खुर्चीत सांगून गेला पोट्टा. आज पहिल्यांदा एकटा उडून राहिला."

गालावरचा साबण वाळत चालला. मी चिडवलं, "मग हा कोणत्या देशात जाईल? आखातात का अमेरिकेत?"

त्याने आभाळावरची नजर काढली नाही.

"पहिले खाली तं येऊ द्या, गुरुजी."