सुमनताईचा बस्ता ओरिसाला गेला

ओरिसात चक्रीवादळ येऊन गेलं त्या सालची, दिवाळी उरकल्यावरची सकाळ. लोणीच्या पारापाशी ट्रॅक्टर उभा, ट्रॉलीला भोंगा बांधलेला... आन माईक कुणाच्या हातात, तर माझ्या. गावाची चूक तिथंच झाली.

टीव्हीवर रोज दाखवत व्हते. माणसं घराच्या छपरावर आन खाली नुसतं पाणी. सरपंच म्हणले, घरटी कपडे गोळा करा, मंचरला ट्रक भरतोय, आजच निघणार.

लोकांनी काय काय दिलं राव! बिननाडीचे परकर, एका बाहीचे शर्ट, लग्नाच्या आहेरात आलेल्या टोप्या. सखाराम आण्णांनी पायमोजा दिला... एकच. मी लगेच माईकवर, "सखाराम आण्णांकडून एक पायमोजा! दुसरा आण्णा स्वतः घालणार!"

पोरं हसली तसा मला चेव आला. जो कंजूषपणा करील त्याच्या दोरीवरचा टॉवेल न्हाईतर लुंगी मी गुपचूप वढायचो, ट्रॉलीत टाकायचो आन वर त्याचंच नाव पुकारायचो. चारचौघात 'माजी लुंगी परत दे' म्हणणार कोण?

असं करत नानाच्या दारात आलो. नाना म्हंजी माझा सख्खा चुलता. त्याच्या पोरीचं, सुमनताईचं, लगीन आठ दिवसांवर आलेलं.

काकूनं पडवीत जुन्या कपड्यांचं एक गाठोडं काढून ठेवलं व्हतं. शेजारी कॉटवर दुसरं, मोठं. काकू आत चुलीपाशी... मी दोन्ही उचलली. "नानांच्या घरून दोन गाठोडी! टाळ्या!" तिकडं पारावर बसलेल्या नानाची छाती फुगली. त्यालाबी कुठं ठावं व्हतं.

दुपारी ट्रॉली मंचरला खाली करून परत आलो, तर नानाच्या घरात बायका जमलेल्या. बस्ता बघायला. लग्नाचे कपडे घेऊन आलं की आळीतल्या बायांना एकेक साडी उलगडून दाखवायची आमच्याकडं रीत हाय. काकू कॉटपाशी गेली... कॉट मोकळी.

शालू, हळदीची साडी, नवरदेवाचा सफारी, मानपानाच्या साड्या. सगळं त्या मोठ्या गाठोड्यात. मी गुमान चपला शोधायला लागलो, पण सुमनताई माझ्याकडंच बघत व्हती. "गण्या, तूच ना?" एवढंच म्हणली. मी व्हय म्हणलं.

नानानं यम-एटी काढली, मी मागं बसलो. मंचर येईपर्यंत नाना नुसती गाडी पळवत ऱ्हायला. दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ट्रक भरला त्या शेडमदी एक माणूस झाडू मारीत व्हता. म्हणला, ट्रक कवाच गेला. पुण्यात धा गावचा माल एक व्हणार आन तिथून रेल्वेनं पुढं. "त्यात तुमचं गाठोडं कसं वळखणार, पावणं?"

नानानं इचारलं, "पण पोचतंय ना तिथवर?" तो म्हणला, पोचतंय की. "मग ऱ्हाऊ द्या," नाना म्हणला आन गाडीला किक मारली.

घरी काकू रडून रडून बसलेली. दुसऱ्यांदा बस्ता बांधायची नानाची ताकद न्हवती. लगीन पुढं ढकलावं तर सासरचे काय काय बोलणार... सुमनताई मातूर रडली न्हाई. सकाळी येऊन तिनं माझं पांघरूण वढलं आन माईक हातात दिला.

"काल लई वरडत व्हतास. आता माज्यासाठी वरड. केलंस ते सांगायचं... जोक मारायचा न्हाई."

त्याच ट्रॉलीवर बसून गावभर सांगितलं. नानाचा बस्ता मी ओरिसाला पाठवला. सुमनताईच्या लग्नाला कपडे न्हाईत. एकबी जोक मारला न्हाई.

आन मग ट्रंका उघडल्या. बायका पदराखाली झाकून साड्या घेऊन आल्या. कुणाची स्वतःच्या लग्नातली, डांबरगोळीचा वास मारणारी. कुणाची माहेरून आलेली, घडी न मोडलेली. सखाराम आण्णांनी पोराचा नवा शिवलेला सफारी दिला, वर म्हणले, "माज्या लुंगीचं बी सांग की माईकवर!"

व्याह्यांना नाना स्वतः जाऊन सगळं सांगून आला. ते म्हणले, आमचं काय न्हाई, पोरगी हाय ना जाग्यावर? लगीन ठरल्या तिथीला लागलं. सफारी नवरदेवाला जरा तंग झाला... पण शालू कुणाचा हाय हे आख्ख्या मांडवाला ठावं असून सुमनताई त्यात लई झकास दिसत व्हती.

पंगतीत बुंदी वाढता वाढता माझ्या डोक्यात आलं... घरं तीच, ट्रंका त्याच, ट्रॉली बी तीच. पहिल्या दिवशी फाटके परकर निघाले आन दुसऱ्या दिवशी घडी न मोडलेल्या साड्या. गाव माझं वाईट न्हाई. ओरिसातली माणसं वळखीची न्हवती, एवढंच.

लोणीतून त्या ट्रकात नवंकोरं असं एकच गाठोडं गेलं. आन ते बी चुकून.

पुढं सांगली-कोल्हापूरकडं पूर आला तवा परत ट्रॉली फिरली. मी कपाटातला न घातलेला शर्ट काढून दिला. बायको आतून पळत आली, "अवो, नवा हाय त्यो, चुकून चाललाय!"

म्हणलं, न्हाई गं... ह्या टायमाला मुद्दाम.